बाहेरचा आवाज

१

लोकांना त्याचं काम ऐकून हसू येई. घरात बसून कार्टून बघायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, म्हणजे तू नशीब काढलंस बाबा, असं मेहुणा प्रत्येक भेटीत म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी आपण हे पहिल्यांदाच म्हणतोय अशा थाटात म्हणायचा. तपासनीस हसून सोडून द्यायचा. एक चूक पकडण्यासाठी तोच प्रसंग डोळ्यांत पाणी येईपर्यंत पुन्हा पुन्हा बघण्यात नशिबाचा भाग किती आणि चिकाटीचा किती, हे मेहुण्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

कंपनी जुन्या ॲनिमे मालिका नव्याने स्वच्छ करून डिस्कवर काढायची. जाड पुठ्ठ्याचं देखणं खोकं, आत डिस्कचा संच, वर चकचकीत वेष्टण. ते खोकं दुकानात जाण्याआधी त्यातली प्रत्येक डिस्क ह्याच्याकडे यायची. चित्रात डाग आहे का, आवाजात खरखर आहे का, मालिका मुळात पैसे टाकून विकत घेण्याच्या लायकीची आहे का, लहान मुलांच्या हातात द्यावी का, हे सगळं तो सांगायचा. त्याच्या तावडीतून काही सुटत नसे, म्हणून कंपनीत त्याला ‘चाळण’ म्हणत. हे नाव त्याला आवडायचं, पण आवडतं असं तो कुणाला दाखवत नसे.

त्याची एक पद्धत होती. प्रत्येक डिस्क तो दोनदा तपासायचा. आधी आवाज बंद करून नुसती बघायची, आणि मग टीव्हीच्या पडद्यावर जुना निळा टॉवेल टाकून नुसती ऐकायची. डोळा आणि कान एकत्र बसले की सख्ख्या भावंडांसारखे एकमेकांच्या चुका झाकतात, असं त्याचं म्हणणं होतं. मागच्या खोलीत, जाड पडद्याआड, भर दुपारी हा माणूस टॉवेलकडे तोंड करून डोळे मिटून बसलेला असायचा. बायको म्हणायची, “कुणी पाहुणा आला तर सांगू नकोस हं कामावर आहेस म्हणून. झोपलाय म्हणणं बरं दिसेल.”

एवढं सगळं असूनही खोलीचं दार मात्र तो अर्धं उघडं ठेवायचा. त्याचं कारण भिंगरी.

भिंगरी म्हणजे त्याची मुलगी. तान्ही असताना तिला मोठा ताप आला आणि डावा पाय अधू झाला. तेव्हापासून त्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत आधाराचा पट्टा होता आणि गुडघ्याशी पोलादी बिजागरी. पोर एका जागी बसेल तर शपथ. घरभर तिचं पाऊल वाजायचं. चांगला पाय पडला की ठप, आणि पट्ट्याचा पाय पडला की टिक्. ठप, टिक्. ठप, टिक्. ती कुठल्या खोलीत आहे, रागात आहे की खुशीत, हातात काही जड आहे का, हे तपासनिसाला खुर्चीतून न उठता कळायचं. ठप-टिक्ची लय वाढली की बायको जिथे असेल तिथून, मान वर न करता म्हणायची, “हळू गं, पडशील.” आणि पावलं मागच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबली की तो डोळे न उघडता विचारायचा, “कोण आहे?”

“मी!” म्हणून ती दार ढकलायची. हा खेळ रोजचा होता आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नव्हता.

२

‘लोहगर्भ’ ही मालिका महाकाय रोबोंची होती, पण तिच्यात जल्लोष नावालाही नव्हता. समुद्राकाठचं एक राखाडी शहर, धुक्यात उभी असलेली डोंगराएवढी यंत्रं, आणि त्या यंत्रांच्या छातीतल्या छोट्याशा खोलीत बसवलेली मुलं. लढाई झाली की इतर मालिकांमध्ये जशी विजयाची आरोळी असते तशी इथे नसायची. यंत्राच्या छातीचं झाकण उघडायचं, आतून एक दोराची शिडी खाली सुटायची आणि हलत राहायची. मूल उतरताना कधी दाखवत नसत. नुसती हलणारी शिडी, आणि भाग संपायचा.

पहिल्या भागात यंत्रांची देखभाल करणारी म्हातारी एका मुलाला सांगते, “उभं राहायला ह्याला वीज पुरते. चालायला मात्र कुणाची तरी चाल लागते.” एवढंच. त्याचा अर्थ पुढे कुणी उलगडत नाही.

लहान मुलांसाठी नाही, हे तपासनिसाने तिथेच ठरवलं. पण मालिका त्याला आवडली. विशेषतः त्या यंत्राचं पाऊल. इतकं वजनदार पाऊल त्याने आजवर ऐकलं नव्हतं. यंत्राचा पाय पडला की आधी एक श्वासभर शांतता, मग जमिनीच्या पोटातून आल्यासारखा दणका, आणि मग दूर कुठेतरी काचा थरथरल्याचा बारीक आवाज. ज्याने कुणी हे केलंय त्याचे पाय धरावेत, असं त्याला वाटलं.

टॉवेल टाकून तो पहिली डिस्क ऐकायला बसला. यंत्र चालू लागलं. दणका. दणका. आणि दोन दणक्यांच्या मधल्या शांततेत त्याला ऐकू आलं, ठप, टिक्.

“भिंगरे, आज लवकर गं?” तो डोळे न उघडता म्हणाला.

उत्तर आलं नाही. त्याने डिस्क थांबवली. घर शांत होतं. दुपार होती, मुलगी शाळेत होती, बायको दवाखान्यातल्या नोकरीवर. तो उठून बोळकांडीत गेला. चपलांचं कपाट, भिंतीला टेकलेली छत्री, स्वयंपाकघराच्या दारात पडलेला उन्हाचा तुकडा. सगळं सकाळी होतं तसंच.

त्याने डिस्क मागे नेऊन पुन्हा लावली. दणका. ठप, टिक्. दणका.

आवाज डिस्कमध्येच होता.

३

त्याला भीती वाटली असं म्हणणं खोटं होईल. त्याला राग आला. आवाजाचं काम ज्याने केलं त्याच्या खोलीत काम चालू असताना कुणीतरी फिरत होतं आणि तो आवाज आत मिसळला, हे उघड होतं. कंपनीत अशा घुसखोर आवाजाला ‘बाहेरचा आवाज’ म्हणत. एकदा एका युद्धाच्या प्रसंगात कुणाचा तरी चमचा वाजलेला त्याने पकडला होता, तेव्हापासून आवाजवाला त्याला वचकून असे. राहता राहिलं ते पट्ट्याच्या बिजागरीसारखं टिक्. जगात काय आपल्याच मुलीच्या पायाला बिजागरी आहे का, असं त्याने स्वतःला दरडावून विचारलं.

आणि फोन लावला.

“बोला चाळणराव,” आवाजवाला म्हणाला. “काय सापडलं?”

“बाहेरचा आवाज आहे. यंत्र चालतं तिथे. पावलांचा.”

“यंत्राच्या पावलांत पावलांचा आवाज? धन्य आहे. मला तर काहीच ऐकू आलं नाही.”

“तुला ऐकू आलं असतं तर मला कुणी ठेवलं असतं का नोकरीला?”

पलीकडे तो हसला. मग कामाचं बोलू लागला. “दोन प्रकारे होईल बघ. नुसता दाबायचा असेल तर तेवढ्या जागा सांग, तिथे तिथे दाबतो. पण सगळ्या डिस्कमध्ये असला तर दाबत बसून म्हातारा होईन. त्यापेक्षा त्याचा एक नमुना मला उचलून दे. त्या नमुन्यासारखं जे जे असेल ते माझं यंत्र आपोआप शोधतं आणि समूळ पुसतं.”

तपासनिसाने क्षणभर विचार केला. खरं तर तो त्या वेळी जेवणाचा विचार करत होता.

“नमुना पाठवतो. समूळ काढ,” तो म्हणाला. “पुन्हा कानावर येता कामा नये.”

४

त्यानंतर एका दुपारी तो खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. मागून दोन हात त्याच्या डोळ्यांवर आले आणि तो अक्षरशः किंचाळला.

भिंगरी हसत हसत जमिनीवर बसली. “घाबरला! बाबा घाबरला!”

“कधी आलीस तू?”

“मघाशीच. दारात किती वेळ उभी होते. तू ‘कोण आहे’ म्हणालाच नाहीस.”

ह्या मुलीने त्याला आजवर कधी दचकवलं नव्हतं. ते शक्यच नव्हतं. फाटकापासून दारापर्यंतचं तिचं प्रत्येक पाऊल तो आधीच ऐकून बसलेला असायचा.

संध्याकाळी बायकोच्या आनंदाला पारावार नव्हता. तिने मुलीला बोळकांडीत चालायला लावलं, पुन्हा लावलं, आणि डोळे पुसले. “किती छान पाऊल टाकतेय बघ! अजिबात आवाज नाही. बिजागरीला तेल घातलंस का तू?”

“नाही. मला वाटलं तू घातलंस.”

“मी कुठून घालू? पट्टा बनवणारे म्हणाले होते ना, मोठी होईल तशी चाल सुधारेल. सुधारली!” तिने मुलीचा मुका घेतला.

तपासनीसही हसला. बाप होता तो, हसणारच. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत आपण सारखे कान टवकारून बसलोय, हे त्याच्या लक्षात आलं. शेजारी कुणीतरी खिळा ठोकत होतं तेही त्याला ऐकू आलं. मुलगी स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली. ते मात्र त्याने फक्त पाहिलं.

५

शेवटची सोडून बाकीच्या सुधारलेल्या डिस्क आल्या. आवाजाचीच दुरुस्ती होती म्हणून ह्या वेळी टॉवेल टाकून त्याने आधी सगळ्या ऐकल्या. दणके होते, शांतता होती, काचांची थरथर होती. ठप-टिक् कुठेही नव्हतं. काम चोख झालं होतं.

मग आवाज बंद करून तो बघायला बसला आणि तिसऱ्या डिस्कला त्याच्या हातातला चहा थंड होऊ लागला. धुक्यातून ते यंत्र चालत येत होतं. उजवा पाय पडला. मग डावा पाय जरासा बाहेरून, अर्धवर्तुळात फिरून आला, आणि टेकताना अंग किंचित त्या बाजूला झुकलं. पुन्हा उजवा. पुन्हा डावा, बाहेरून फिरून.

ही चाल तो झोपेतही ओळखू शकला असता.

त्याने पहिली डिस्क काढून पाहिली. तिथेही तसंच. पण पहिली डिस्क त्याने आधी पाहिली होती. त्या वेळी यंत्र दोन्ही पाय सारखे टाकत चाललं होतं, ह्याबद्दल त्याला शंका नव्हती. की होती? माणूस इतकं बघतो, सगळं थोडंच लक्षात राहतं. ही चित्रं कुणीतरी कधीच काढून ठेवलीत, भिंगरीच्या जन्माच्याही आधी. लंगडं यंत्र दाखवायचं असेल दिग्दर्शकाला. अशा मालिकेत शोभून दिसतं ते. त्याने स्वतःची अशी समजूत घातली आणि ती पटलीसुद्धा, पण टीव्ही बंद करताना त्याने पडद्याकडे पाहिलं नाही.

बोळकांडीत स्वयंपाकघराच्या दाराशी लाकडी फळ्या होत्या. त्यातली एक सैल होती आणि ती घरातल्या प्रत्येकाखाली करकरायची. मांजराखालीसुद्धा. भिंगरी शाळेतून आल्यावर त्याने तिला त्या फळीवर उभं केलं.

“उडी मार.”

तिने मारली. तिचे केस वर गेले आणि खाली आले. फ्रॉकचा घेर फुगून बसला. फळी गप्प राहिली.

“अजून एकदा.”

“अरे, परेड काय करायला लावतोस पोरीला?” बायको आतून ओरडली. “दमून आलीय ती!”

भिंगरी आपल्या पायांकडे बघत होती. “बाबा,” ती म्हणाली, “मी हलकी झालेय का रे?” तिचा आवाज पावडरीसारखा बारीक आणि कोरडा होता, आणि तो ऐकायला त्याला वाकावं लागलं.

त्याने तिला उचललं. वजन होतं तेवढंच होतं. ह्याने त्याला धीर यायला हवा होता, पण आला नाही.

६

“परत घाल म्हणजे?” आवाजवाला गोंधळला. “पुसलेलं परत कुठून आणू मी?”

“मूळ असेल ना तुझ्याकडे.”

“ते ज्यांचं त्यांना परत गेलं. आपल्याकडे फक्त स्वच्छ केलेलं आहे. झालं काय? तूच म्हणालास ना, समूळ काढ.”

“तू नक्की काय काय पुसलंस?”

“नमुन्यासारखं जे निघालं ते. चालणं तर होतंच. मग पुढच्या डिस्कमध्ये त्याच पोताचं आणखी सापडत गेलं. यंत्र एकदा मागावर लागलं की लागतं बघ. हसण्यासारखं काहीतरी होतं. ताटात चमचा वाजल्यासारखं होतं. कुणीतरी पुटपुटत होतं. मी म्हटलं, ज्या कुणाच्या खोलीत हे काम झालं त्याच्या घरात लहान मूल असणार. सगळा बाहेरचा आवाज. साफ काढला.”

तपासनीस भिंतीला टेकून उभा होता. समोर स्वयंपाकघरात भिंगरी जेवत होती. चमचा ताटाला लागत होता, निघत होता, पुन्हा लागत होता.

“शेवटची डिस्क तेवढी राहिलीय,” आवाजवाला म्हणाला. “ती आज रात्री—”

“तिला हात लावू नकोस!”

तो इतक्या जोरात ओरडला की बायको दारात आली. भिंगरीनेही मान वर केली.

“आहे तशी पाठव,” त्याने आवाज खाली आणला. “जशी आली तशी. जबाबदारी माझी. वर मी बोलतो.”

त्याने वर बोलूनही घेतलं. कंपनीतल्या वरच्या मॅडमना नवल वाटलं. ज्या माणसाने चमच्यासाठी सगळं काम परत पाठवलं होतं तो आज न तपासलेली डिस्क पास करायची भाषा करत होता. बरं नाही का तुम्हाला, असं त्यांनी विचारलं. त्याने बरं आहे म्हणून सांगितलं.

त्या आठवड्यात घरात एक गोष्ट घडली नाही, आणि ती घडत नाही हे फक्त त्यालाच कळत होतं. बायको “हळू गं, पडशील” म्हणेनाशी झाली. म्हणायला काही ऐकूच येत नव्हतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलगी फार शहाणी झालीय, वर्गात असून नसल्यासारखी असते. हे बायकोने कौतुकाने सांगितलं. सांगताना मात्र तिने मुलीला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही. तिलाही काहीतरी जाणवत असावं. पण विचारलं असतं तर तिला ते सांगता आलं नसतं, आणि त्याला विचारायचं धैर्य झालं नाही. आपण आपल्या तोंडाने आपल्या लेकराला बाहेरचं म्हटलं, हे तो बायकोला कुठल्या शब्दांत सांगणार होता?

भिंगरी आता हसायची तेव्हा खांदे हलायचे. बोलायची तेव्हा तो तिच्या ओठांकडे बघायचा. आणि मग एका सकाळी ती ओठ हलवून गेली आणि त्याला काहीच कळलं नाही.

७

शेवटची डिस्क आली तेव्हा बायकोला सुट्टी होती. स्वयंपाकघरात ती भाज्या चिरत होती. लख्ख दुपार होती. भिंगरी त्याच्या मागोमाग मागच्या खोलीत आली आणि खुर्चीपाशी सतरंजीवर बसली, पट्ट्याचा पाय लांब करून. जा म्हटलं तरी गेली नाही. त्याने तिचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. एका हाताने त्याने पडद्यावर टॉवेल टाकला. आणि आज पहिल्यांदाच, बायकोच्या कानावर काही जाऊ नये म्हणून, त्याने खोलीचं दार पूर्ण लावून घेतलं.

यंत्राचा दणका झाला. मग शांतता. आणि मग, ठप, टिक्.

किती दिवसांनी ऐकत होता तो हे! ठप, टिक्, जिन्यावरून उतरताना जरा घाईत. ठप, टिक्, हातात काहीतरी जड असताना. त्यानंतर तिचं हसू आलं, नाकातून सुरू होऊन खदखदत वर जाणारं. चमचा आला. परवचा म्हणताना मध्येच अडखळणारा तिचा आवाज आला, झोपेतला श्वास आला. दणक्यांच्या मधल्या प्रत्येक शांततेत ती होती. तिकडे यंत्र शहर तुडवत होतं आणि इकडे हा माणूस टॉवेलसमोर तोंडावर हात दाबून रडत होता.

त्याने भिंगरीकडे पाहिलं. ती टॉवेलकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीतीही नव्हती. खिडकीतून कुणी अनोळखी मूल बागेत खेळताना बघावं, तशी ती ऐकत होती.

डिस्क संपली. त्याने फोन उचलला.

“शेवटच्या डिस्कमध्ये काढण्यासारखं काही नाही,” तो म्हणाला.

“नक्की?” आवाजवाला म्हणाला. “मी इथे लावून बसलोय. आज मलासुद्धा ऐकू येतंय रे. लहान मूल आहे कुणीतरी. अगदी जवळ आल्यासारखं.”

“येऊ दे. काही काढू नकोस. सगळं येऊ दे.”

त्याने फोन ठेवला, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, स्पीकरच्या तारासुद्धा उपटून काढल्या. खोली चिडीचूप झाली. पलीकडून फक्त सुरीची टकटक येत होती.

भिंगरीने हात लांब करून टॉवेलचं एक टोक उचललं.

पडद्यावर शेवटचं चित्र थांबलेलं होतं. यंत्राच्या छातीचं झाकण उघडं होतं. आतली छोटी खोली रिकामी होती. शिडी खाली सुटली होती. डिस्क थांबलेली असूनही ती शिडी हलत होती. नुकतंच कुणीतरी उतरून गेल्यावर हलते तशी.

८

ठप.

त्याने स्पीकरकडे पाहिलं. सुट्या तारा जमिनीवर पडल्या होत्या.

टिक्.

बोळकांडीच्या त्या टोकाशी, चपलांच्या कपाटापाशी. ठप, टिक्. छत्री घसरून पडली. ठप, टिक्. पावलांची लय वाढली, खुशीत असताना वाढायची तशी, आणि स्वयंपाकघराशी आल्यावर ती सैल फळी करकरली.

सुरीची टकटक थांबली.

“हळू गं,” बायको म्हणाली, “पडशील.”

किती साधेपणाने म्हणाली ती! आवाजात इतक्या दिवसांचं ओझं उतरल्याचं सुख होतं. तिने मान वर केली नसणार, हे त्याला माहीत होतं. ती कधीच करत नसे.

सतरंजीवर भिंगरी बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. तिचा हात त्याच्या हातात होता. पावलं आली आणि दाराशी थांबली.

आता तो विचारेल म्हणून ते दाराबाहेर वाट बघत होतं, आणि तो विचारत नव्हता. लहान मुलाला धावत आल्यावर लागते तशी धाप त्याला दाराआडून ऐकू येत होती. ती धाप त्याच्या ओळखीची होती. ह्याच धापेसाठी तो गेले कित्येक दिवस झुरला होता, ह्यासाठीच त्याने सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली होती. मागितलं होतं त्यानेच. आत यायची परवानगी दिली होती तीही त्यानेच.

“को…” तो म्हणाला. “कोण आहे?”

सतरंजीवर बसलेल्या भिंगरीने तोंड उघडलं. तिचे ओठ मिटले आणि सुटले. आवाज झाला नाही.

“मी!” दाराबाहेरून आवाज आला.

दाराची मूठ जराशी हलली, पण दार आतून लावलेलं होतं. असं कधीच नसायचं. बाहेरचं बारीक, रडवेल्या सुरात, दार लागलेलं बघून कुठलंही मूल म्हणेल तसं म्हणालं, “बाबा?”

“अरे, दार उघड ना तिला!” बायको स्वयंपाकघरातून ओरडली. “काय लावून बसलायस?”

त्याच्या मनाने त्याला हजार गोष्टी सांगितल्या. उघडू नको म्हणून सांगितलं, आधी बायकोला इकडे हाक मार म्हणून सांगितलं, एकदा मागे वळून बघ म्हणून सांगितलं. पण हा माणूस जन्मभर कानांवर जगला होता, आणि तो आवाज त्याच्या मुलीचा होता. त्या आवाजाला रडत दाराबाहेर ठेवणं त्याच्याच्याने झालं नाही. तो उठला आणि दाराकडे गेला.

त्याच्या हातातला हात वाटेत कुठेतरी सुटला. ते त्याला कळलं नाही, कारण त्याचा आवाज झाला नाही. त्याने कडी काढली.